पान चौदावरचं ग़लत्र

अब्बा अकोल्यात उर्दू शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी मोहल्ल्यातली मराठी माध्यमाची मुलंही आमच्या ओसरीवर यायची. त्यांच्यासाठी अब्बांनी दहावीच्या गणितांची एक वही मराठीत तयार केली होती. कॉलेजात असताना मी एका डीटीपीच्या दुकानात काम करायचो. वहीची पुस्तिका करायचं ठरलं, तेव्हा टायपिंग माझ्याकडेच आलं. तीनशे प्रती छापायच्या होत्या.

त्या काळी आम्ही कृतीदेव फॉन्ट वापरायचो. हा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. मजकूर कृतीदेवमध्ये टाइप करायचा, समीकरण आलं की फॉन्ट बदलून टाइम्स घ्यायचा, समीकरण संपलं की परत कृतीदेव. शेवटच्या रात्री चौदावं पान जरा वेगळं दिसत होतं. मी अख्खं पान निवडलं, कृतीदेव लावला आणि फाईल छापायला दिली.

कृतीदेवमध्ये एक्सच्या जागी ‘ग’ असतो. अधिकच्या चिन्हाच्या जागी अक्षराखालचा नुक्ता, वायच्या जागी ‘ल’ आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘त्र’. त्यामुळे ‘एक्स अधिक वाय बरोबर’ हे छापून आलं ‘ग़लत्र’ असं. पान चौदावर पाच ठिकाणी!

अब्बांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. म्हणाले, “चलो, ग़लती ने अपना नाम तो ख़ुद ही बता दिया.” मला रडायलाच आलं होतं. पुस्तिकेवर नाव त्यांचं होतं. त्यांनी निळा पेन काढला आणि अस्रनंतर बसून एकेक प्रत दुरुस्त करायला घेतली. मी पान उघडून धरायचो, ते लिहायचे. त्यांचा एक्स म्हणजे एकमेकांना पाठ टेकवून बसलेले दोन अर्धचंद्र. गुणाकाराची फुली मात्र सरळ रेघांची. “दोनों एक जैसे दिखे तो बच्चा मारा गया,” असं ते म्हणायचे. तीनशे प्रतींना चार दिवस लागले.

आता अब्बा नाहीत. मी अमरावतीत असतो. मागच्या वर्षी त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी पुस्तिका पुन्हा काढायचं मनावर घेतलं आणि काम फिरून माझ्याकडेच आलं. या वेळी मी लाटेक्स वापरायचं ठरवलं.

लाटेक्सच्या मुळाशी असलेलं टेक लिहिलं डोनाल्ड क्नुथ यांनी. १९७७ मध्ये त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती इतकी कुरूप होती की त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली आणि अक्षरं तयार करायला घेतली. पुढे हरमान झाप्फ यांनी ‘ऑयलर’ हा गणिताचा फॉन्ट रेखाटला. कल्पना अशी की सुंदर हस्ताक्षर असलेला गणिती फळ्यावर लिहील तशी ही अक्षरं दिसावीत. पण क्नुथ यांची नेहमीची मजकुराची अक्षरं ऑयलरशेजारी फिकी पडायला लागली. म्हणून १९८९ च्या ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकासाठी त्यांनी ऑयलरला शोभेल अशी मजकुराची जाड अक्षरं वेगळी तयार केली. मजकूर आणि गणित एकाच ओळीत बसतात, तर ते एका घरचे दिसले पाहिजेत, एवढीच त्यामागची गोष्ट.

मराठीत हे घर जमवणं आणखी अवघड. क्नुथ यांची नाजूक अक्षरं देवनागरीच्या ओळीत टाकली तर समीकरण उपाशी दिसतं. देवनागरी शिरोरेषेला लटकते, रोमन अक्षरं तळरेषेवर उभी राहतात, त्यामुळे दोघांचं माप एकच ठेवलं तरी आकार सारखा दिसत नाही. प्रमाण हाताने कमी-जास्त करून, छापून, डोळ्यांनीच ठरवावं लागतं. पडद्यावर भरवसा ठेवू नये.

आकड्यांचा पेच वेगळाच. मजकुरात देवनागरी आकडे आणि समीकरणात इंग्रजी असले की देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा वाटतो. अब्बांच्या वर्गात तर याहून मोठा गोंधळ होता. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जायची आणि मधलं समीकरण डावीकडून उजवीकडे. तिथे मुलं गोंधळत नसत, कारण कुठून वळायचं हे अब्बा फळ्यावर बोट ठेवून दाखवायचे. पुस्तिकेत बोट नसतं. म्हणून मी नियम केला: पानांचे आणि प्रश्नांचे आकडे देवनागरी, गणिताच्या आतले सगळे इंग्रजी.

शेवटी मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतला. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. गणिताला ‘स्टिक्स टू’. दोन्ही कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्स या एकाच संस्थेच्या हातचे. रेघांची जाडी एकमेकांना सांभाळून घेते, आणि एक्स व गुणाकाराची फुली दुरूनही वेगळी ओळखू येते. ऑयलरही लावून पाहिला होता. फळ्याची आठवण झाली, पण या मजकुराशेजारी तो पाहुण्यासारखा अवघडून बसला.

पहिली प्रत घेऊन मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. ओसरीवर येणारी एक मुलगी आता स्वतः गणित शिकवते. तिने आधी पान चौदा उघडलं. सगळी समीकरणं तपासली. मग कपाटातून जुनी पुस्तिका काढून शेजारी ठेवली. पानं पिवळी पडलेली, ‘ग़लत्र’वर निळी रेघ आणि वर पाठीला पाठ टेकवलेले दोन अर्धचंद्र.

“दादा, नवीन लई साफ झालं,” ती म्हणाली. “पण या पानावर सरांचं अक्षर होतं.”

मला काही उत्तर सुचलं नाही. माझ्याकडे जुनी एकही प्रत उरलेली नाही. तिच्याकडे मागावी असं तोंडापर्यंत आलं होतं, पण मागितली नाही. अब्बांनी ती तिच्यासाठीच दुरुस्त केली होती. फक्त त्या पानाचा फोटो काढला आणि परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत तो एक्स पाहत बसलो.