बिनकांद्याचा पुलाव आणि पाण्याचा हिशोब



आपल्यातल्या काही जणी पाहुण्यांना पुलाव वाढताना आधीच सांगून टाकतात, "आमचा बिनकांद्याचा आहे हं, साधाच." मला हे पटत नाही. पुलावाची चव आधी तांदळात असते, मग तुपात आणि खड्या मसाल्यात. कांदा नसला म्हणून काही बिघडत नाही. पाणी चुकलं, तर मात्र सगळंच बिघडतं.

वरण-भाताला आपला आंबेमोहोर किंवा आजऱ्याचा घनसाळ छान. पुलावाला बासमती हवा आणि तोही जुना. पंजाब, हरियाणापासून उत्तराखंडापर्यंतच्या हिमालयाच्या पायथ्याकडच्या या तांदळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. जुन्या तांदळातला ओलावा कमी झालेला असतो. त्यामुळे शिजताना शीत लांब होतं आणि एकमेकांना चिकटत नाही. तांदूळ ताटात पसरून शोधून घ्यावा, मग हलक्या हाताने तीन-चार पाण्यांतून धुवावा. चोळू नये, दाणा तुटतो. गाळलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून दहा मिनिटं चाळणीत निथळू द्यावा.

आता पाणी. एका वाटीला दीड वाटी, हे आपल्याला पाठ असतं. पण चार वाट्यांना सहा वाट्या पाणी घातलं की भात गिचका होतो. मी कॉमर्सची, म्हणून मला हे असं उमगलं. तांदूळ पितो ते पाणी म्हणजे बदलता खर्च, वाटीमागे वाढणारा. वाफेवर जातं ते बरंचसं स्थिर खर्चासारखं. ते पातेल्याच्या तोंडावर आणि झाकणावर अवलंबून असतं, तांदूळ चौपट झाला म्हणून वाफ काही चौपट होत नाही. म्हणून चार वाट्यांना सव्वापाच ते साडेपाच वाट्या पुरतात. पाणी उकळतं घालावं.

तुपात तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलची, शहाजिरं टाकावं. मग भाज्या, मग तांदूळ दोन मिनिटं अलगद परतावा. मीठ आणि लिंबाचे चार थेंब घालावेत. मोठ्या आचेवर पाणी तांदळाच्या पातळीला आलं की घट्ट झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं अगदी मंद आच. गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. या दहा मिनिटांत सगळीकडचा ओलावा सारखा होतो. घाईने चमचा फिरवला तर शीत मोडतं.

बटाट्याऐवजी कच्चं केळं, गाजराऐवजी लाल ढोबळी मिरची. आल्याची जागा चिमूटभर सुंठ घेते. मटार एकेक शेंग उघडून बघितलेले, फरसबी निवडून चिरलेली. मटार घातला असेल तर सोबत कच्च्या दह्याची कोशिंबीर नको, द्विदल होतं. मी टोमॅटोचं सार करते.

काही जणी भरपूर पाण्यात तांदूळ उकळून पाणी ओतून देतात. भात मोकळा होतो, खरं आहे. पण ते कढत पाणी मोरीत जातं आणि मोरीत, नळीत किती जीव असतात! आपल्या भाताच्या मोकळेपणासाठी त्यांना का भाजायचं? मोजून घातलेलं पाणी तांदळातच जिरतं, ओतायला काही उरतच नाही. तांदूळही मोजूनच घ्यावा. भात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी आपण खात नाही आणि अन्न टाकवत नाही. आमच्या घरी पाच जणांना अडीच वाट्या तांदूळ पुरतो.

हा हिशोब मला एरवीही उपयोगी पडला. ह्यांचा आणि माझा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम आहे. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सूनबाई ऑफिसमधून येते साडेसातला. तिच्या माहेरचे जैन नाहीत. मुलगा, नातू तिच्यासाठी थांबतात. म्हणजे घर एक, पंगती दोन. एकदा ती सहज म्हणाली, "आई, मी येते तेव्हा तुमची ताटंसुद्धा घासून झालेली असतात." तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. नियम मला मोडायचा नव्हता आणि तिच्यावर लादायचाही नव्हता. नियम ज्याचा त्याने मनाने घ्यायचा असतो.

मग रविवार ठरवला. पाच वाजता पुलाव आणि सार, सगळे एकत्र. पहिले काही रविवार ती आमच्यासाठी जेवायला बसली, भूक नसतानाही. हळूहळू दुपारचं जेवण हलकं करायला लागली. आता पुलाव तीच करते. पातेलं बदललं की पाणी किती कमी करायचं, हे ती मला सांगते. मागे एका रविवारी चतुर्दशी होती. मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, "आज हिरवं नको ना? काजू-बेदाणे घालू का?"

इतर दिवशी ती अजून आठला जेवते. तिचं ताट मी झाकून ठेवते आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसते. माझं पाणीही तेव्हा बंद असतं, पण गप्पांना पच्चक्खाण नाही.

तुमच्या घरी दोन पंगती होत असतील, तर एक रविवार करून बघा. पातेलं रुंद घ्या, तांदूळ जुना घ्या आणि पाणी मोजून घाला.

जय जिनेंद्र.