तुटलेला कान

माझ्याकडे स्पोर्ट्‌स कार आहे असं मी सांगतो, तेव्हा सोसायटीतले लोक आधी पार्किंगकडे बघतात आणि मग माझ्याकडे. पार्किंगमध्ये उभी असते २००३ सालची फियाट पॅलिओ. पाच दारं, मागे डिकी, दिसायला चारचौघींसारखी. पण ही १.६ जीटीएक्स आहे. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवर. ज्या काळात मारुती ८०० आपल्या ३७ हॉर्सपॉवरवर अख्खं कुटुंब आणि वर टपावर बॅगा घेऊन पसरणी घाट चढायची, त्या काळात एवढ्याशा गाडीत शंभर घोडे म्हणजे चैन होती. सचिन तेंडुलकर या गाडीची जाहिरात करायचा. त्याच्या नावाची ‘एस १०’ फक्त पाचशे निघाली. ती परवडण्यातली नव्हती, म्हणून मी २०१७ साली ही साधी १.६ घेतली, सत्तर हजारांत.

इंजिनाने मला कधी त्रास दिला नाही. माझी फजिती झाली ती आतल्या प्लॅस्टिकपायी, आणि त्यात गाडीचा दोष काहीच नव्हता. वीस वर्षांचं प्लॅस्टिक, त्यातली निम्मी वर्षं पुण्याच्या उन्हात उघड्यावर काढलेली, आणि वर माझे हात.

पहिली चूक एका रविवारी दुपारी झाली. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण थोडं वाजत होतं. ते काढावं, पुसावं, नीट बसवावं, इतकाच बेत होता. स्क्रू कुठे दिसेना. मग मी स्क्रूड्रायव्हर फटीत घातला आणि जोर लावला. ‘कट्’ असा आवाज आला. झाकण ज्यावर फिरतं ते दोन कान असतात, त्यातला डावा माझ्या मांडीवर पडला. नखाएवढा तुकडा. स्क्रू होता, आतल्या बाजूला, एका छोट्या टोपीखाली. टोपी नखाने निघाली असती. हे मला नंतर कळलं.

दुसरी चूक त्याच संध्याकाळी झाली, आणि आज मागे वळून बघतो तर सगळ्यात महाग तीच पडली. झाकण आणि तो तुकडा मी सुक्या कचऱ्यात टाकला. ‘नवीन मिळेल की,’ असं बायकोला म्हणालो. सकाळी कचरा गेला.

सोमवारी नाना पेठेत गेलो. क्लच प्लेट, ब्रेक शू, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, काय म्हणाल ते एक-दोन दुकानं फिरून मिळत होतं. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी चष्मा वर केला. ‘अहो, झिजतं ते आम्ही ठेवतो. हे झिजत नाही, तुटतं. तुटणाऱ्याचा माल कोण भरून ठेवणार?’ त्यांचं बरोबर होतं. ब्रेक शू दर काही वर्षांनी बदलावेच लागतात, म्हणून कुणी ना कुणी ते बनवत राहतं. झाकणासाठी पोलादी साचा लागतो आणि साचा म्हणजे लाखांचा खर्च. भोसरीत साच्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. हजारोंनी झाकणं निघणार असतील तरच तो खर्च अंगावर येत नाही. मॉडेल बंद झालं की तसा साचा पुन्हा कोण करणार?

जपानच्या माझदाने २०१७ साली आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरचे जुने भाग पुन्हा बनवायला घेतले. पोर्शेही जुन्या गाड्यांचे दुर्मीळ भाग थ्री-डी प्रिंटरवर काढते. अशा गाड्यांच्या मालकांना ते परवडतं. सत्तर हजारांच्या पॅलिओसाठी असलं कुणी काही करणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी निघालो.

बुधवारी जुन्या बाजारात गेलो. झाकण मिळालं नाही, पण एका चादरीवर पॅलिओचं डोअर पॅड दिसलं. माझ्या ड्रायव्हर बाजूच्या पॅडचं कापड फुगलं होतंच. हजार सांगितले, सहाशेला दिलं. मी विजयी वीरासारखा घरी आलो. लावायला घेतलं तर त्याला काच खाली-वर करायच्या हँडलचं भोक. ते १.२च्या साध्या मॉडेलचं होतं, माझ्या गाडीला पॉवर विंडो. शिवाय रंग फिकट करडा, माझा गडद. चादरीवर सावलीत दोन्ही करडे सारखेच दिसतात. सोबत स्वतःचा तुकडा न्यायला हवा होता, निदान उन्हात काढलेला फोटो तरी. ते पॅड आजही माळ्यावर आहे.

तिसरी चूक गोंदाची. मधल्या काळात एसीच्या व्हेंटची जाळी तुटली. या वेळी तुकडा जपून ठेवला होता, म्हणून स्वतःवर खूश होतो. झटपट चिकटणारा गोंद लावला. दोन मिनिटांत पक्का. दोन दिवसांत सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. मग दोन ट्यूबांचा एपॉक्सी आणला. तोही एका दुपारी सालपटासारखा निघून आला. चुकीचा गोंद तीन वेळा लावला, पण पार्टची मागची बाजू एकदाही वाचली नाही. तिथे बारीक अक्षरांत ‘पीपी’ कोरलेलं होतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दह्याचे डबे ज्याचे असतात, तेच. त्याच्या पृष्ठभागावर साधा गोंद पकडच घेत नाही. ‘एबीएस’ लिहिलेलं असतं तर गोष्ट वेगळी. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे दोन कडा मऊ करून एकजीव करता येतात. चारशे-साडेचारशे रुपये आणि दोन बोटांची कातडी, एवढ्यात ही विद्या मिळाली.

चौथी चूक सांगायला अजून लाज वाटते. झाकण परदेशातून मागवलं. पॅलिओ ही ‘वर्ल्ड कार’. १९९६ साली ब्राझीलमध्ये सुरू झाली आणि पुढे कितीतरी देशांत बनली. मग एका परदेशी विक्रेत्याकडे नवंकोरं झाकण दिसलं, तेव्हा मी काही विचार केला नाही. वस्तूपेक्षा कुरिअर आणि कस्टम ड्यूटी जड झाली, सगळं मिळून ७४०० रुपये. ड्यूटी भरताना सचिनची फेरारी आठवली. फियाटने २००२ साली त्याला ३६० मॉडेना भेट दिली होती. तिच्या ड्यूटीमाफीवरून गदारोळ झाला आणि शेवटी ती रक्कम फियाटनेच भरली. माझ्या झाकणासाठी असं कुणी पुढे आलं नाही.

खोकं उघडलं. झाकण सुंदर होतं. फक्त उलटं होतं. ब्राझीलमध्ये स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे ग्लोव्ह बॉक्स उजवीकडे. आरशात बघावं तसं ते माझ्या झाकणाचं प्रतिबिंब होतं. वळण उलट, कुलपाची बाजू उलट. उजव्या स्टिअरिंगच्या पॅलिओ दक्षिण आफ्रिकेत बनत, तिकडे शोधायला हवं होतं. बायको काही बोलली नाही. तिने ते झाकण उचललं, बघितलं आणि टेबलावर ठेवलं. ते जास्त लागलं.

पाचवी चूक आधुनिक. मित्राच्या इंजिनीअरिंगला असलेल्या मुलाने माप घेऊन एसीच्या जाळीची चौकट थ्री-डी प्रिंट करून दिली. अठराशे रुपये लागले, पण बसली अगदी फिट. ते मार्चमध्ये. एप्रिलमध्ये एक दिवस गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी येऊन बघतो तर चौकट उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी वाकलेली. त्याने पीएलए वापरलं होतं. घरगुती प्रिंटरवर सोपं जातं म्हणून बहुतेक जण तेच वापरतात. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बंद गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. एबीएस शंभर अंशांच्या आसपासपर्यंत टिकलं असतं. पोराचा दोष नाही. गाडी कुठे उभी राहते हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

तोवर दहा हजार अडीचशे रुपये गेले होते आणि ग्लोव्ह बॉक्स उघडाच होता. कागदपत्रं रबरबँडने बांधून ठेवायचो.

शेवटी कुर्ल्याला गेलो. माझी पॅलिओ ज्या कुर्ल्यात बनली, त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडवर, जुन्या गाड्या कापून त्यांचे भाग विकणाऱ्यांची रांग आहे. तिथल्या एका माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुटलेला पीस आणला का?’ नाही म्हटल्यावर त्याने हात झटकला. मग म्हणाला, ‘कटिंगला आलेली एक पॅलिओ आहे. आतलं सगळं घेऊन जा, एकेक तुकडा शोधत बसायला मला वेळ नाही.’ साडेतीन हजारांत गियरचा नॉब, चारही दारांची हँडलं, मूठभर क्लिपा आणि झाकण, असं सगळं पोत्यात भरून दिलं. झाकण तेवढं योग्य बाजूचं होतं. फक्त त्याचाही एक कान तुटलेला होता. उजवा.

ते घेऊन पुण्यात एका कारागिराकडे गेलो. तो बंपर आणि स्कूटरचे पॅनेल जोडून देतो. त्याने झाकण उलटं करून आधी मागचं ‘पीपी’ वाचलं, गोंदाचं नावही काढलं नाही. लोखंडी सळई तापवून दोन्ही कडा वितळवल्या, मध्ये पितळेच्या जाळीचा बारीक तुकडा दाबून बसवला आणि त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून थर दिला. वास असह्य होता. वीस मिनिटांत कान उभा राहिला. मग पॉलिशपेपरने घासून त्याने तो दोन बोटांत धरून हलवला. हलला नाही. आठशे रुपये.

‘तुमचं मूळचं झाकण होतं ना, त्याचाही एकच कान गेला होता?’ त्याने विचारलं. मी हो म्हणालो. ‘मग ते कुठंय?’

मी गप्प बसलो. मूळचं झाकण गाडीच्या रंगाचं होतं, मापाचं होतं, पार्ट नंबरसकट होतं. ते तेव्हा ठेवलं असतं, तर माझं काम त्या आठशे रुपयांत झालं असतं. कुर्ल्याचं झाकण गडद करड्यापेक्षा किंचित काळं आहे. ऊन पडलं की कळतं.

आता गाडीच्या डिकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. गाडीतून जे निघेल, पडेल, तुटेल, ते त्यात जातं. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: नवीन पार्ट हातात येऊन बसेपर्यंत तुटलेला टाकू नका. आणि कुणाकडे डाव्या कोपऱ्यातल्या व्हेंटची गडद करडी जाळी पडून असेल, तर तीही टाकू नका. मला हवी आहे. कान तुटलेला असला तरी चालेल.