गोश्त तुमचं, हड्डी आमची

‘‘गोश्त आपका, हड्डी हमारी,’’ असं म्हणून मुलाला शाळेच्या हवाली करणारे अब्बा भंडाऱ्यात आजही भेटतात. त्यात विश्वास असतो, पण आपली अर्धी जबाबदारीही ते दारातच ठेवून जातात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. कायदा तर आत्ताचा, हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) दहा वर्षं खिदमत केली आणि एकदाही ‘उफ्’ ऐकलं नाही. मला छडीची परवानगी नको, घरची माहिती हवी असते.

चौथीतला एक मुलगा दर सोमवारी हमखास मारामारी करायचा. अम्मीला बोलावलं, तक्रारीसाठी नव्हे, विचारायला. नागपूरला कामाला असलेले अब्बा रविवारी रात्री परत जातात, हे तेव्हा कळलं. वर्गात बसून ते कसं दिसणार? मग ठरलं: सोमवारी हजेरीचं रजिस्टर त्यानेच आणायचं, आणि रात्री अब्बांनी फोनवर आधी शाळेतली चांगली गोष्ट विचारायची. दोन महिने लागले. (मध्ये एकदा अम्मीने चप्पल उचललीच!)

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. चर्चा मात्र पोषण आहाराची आणि खोल्यांची. पुढच्या बैठकीत मुलांच्या वागण्याचा विषय घेतला आहे. अब्बांनीही यावं, नुसती सही करायला नव्हे.