दोन शतांशाचा मानी

सोनगीरच्या बसथांब्यावर सकाळी धुळ्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या गर्दीत एखादं पोरगं लगेच ओळखू येतं. दप्तरातून ड्राफ्टरचं टोक बाहेर आलेलं, काखेत नळकांडं, त्यात गुंडाळलेल्या ड्रॉइंग शीट. गर्दीत धक्का लागला तरी स्वतःला सोडून तो आधी नळकांडं सावरतो. शेजारची मावशी विचारते, 'काय शिकस रे भाऊ?' तो म्हणतो, 'डिप्लोमा.' मावशीला तेवढं पुरतं. खानदेशातल्या बहुतेक गावांत कुणाचा ना कुणाचा मुलगा त्या घरी राहून आलेला असतो.

त्या घरच्या मालकाशी तुमची ओळख करून द्यायची आहे. नाव तंत्रनिकेतन. खानदेशात त्याची सरकारी घरं धुळे, जळगाव आणि नंदुरबारला आहेत. खासगी भावंडं शिरपूरपासून फैजपूरपर्यंत पसरलेली. घर कुठलंही असो, स्वभाव एकच.

घराणं जुनं. 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती तिथल्या कापड गिरण्यांना हाताने काम जाणणारी माणसं हवी होती म्हणून. दारातल्या उद्योगाला लागेल ते शिकवायचं, हा या घराण्याचा पहिला कुळाचार. तो पुढे कितपत पाळला गेला, यावर मला थोडं बोलायचं आहे. पण आधी माणूस तर कळू द्या.

हे मधलं भावंड. थोरलं इंजिनीअरिंग कॉलेज, धाकटं आयटीआय. थोरला याला अर्धवट समजतो, धाकटा साहेब समजतो, आणि मधल्या भावाच्या वाट्याला येतो तो सगळा हळवेपणा याच्या अंगात मुरला आहे. पाटीवर 'तंत्रनिकेतन' असलं तरी याला 'कॉलेज' म्हटलेलं आवडतं. मुलगा पहिल्या सेमिस्टरला असतानाच गावात त्याच्या वाढदिवसाच्या फलकावर 'भावी इंजिनीअर' लागतं, तेव्हा ते मनातून खूश होतं. मात्र एका गोष्टीचा याला रास्त अभिमान आहे. दहावी झालेलं, मिसरूडही न फुटलेलं पोर ते घरात घेतं आणि तीन वर्षांत, सहा सेमिस्टरमध्ये, त्याला एखाद्या यंत्रापाशी किंवा बांधकामावर धीराने उभं राहण्याजोगं करतं. बारावी करून आलेले आणि आयटीआय करून आलेले थेट दुसऱ्या वर्षाला येऊन बसतात. आयटीआयवाल्याचा हात आधीच वळलेला असतो, त्यामुळे वर्गात त्याचा दरारा. आणि गणिताच्या तासाला तोच दहावीवाल्याच्या वहीत डोकावतो. या देवाणघेवाणीला कुठे गुण नाहीत, पण या घरात होणारं सगळ्यात चांगलं शिक्षण बहुधा तेच.

खरा स्वभाव बघायचा तर वर्कशॉपमध्ये जायला हवं. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या अंगावर खाकी एप्रन, हातात लोखंडी पट्टीचा तुकडा, समोर बाकाला बसवलेला व्हाइस. शेतातून आलेल्या मुलाला वाटतं, ताकदीचं काम आहे, आपल्याला काय अवघड! तो कानस जोरात रेटतो. कानस घसरते, कडा गोल होते. सर येतात, ट्राय स्क्वेअर लावतात आणि जॉब उजेडासमोर धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की एकच शब्द: 'परत.' दुपार जाते, बोटांना फोड येतात, रेघ बारीक होत जाते, पण जात नाही. मग कधीतरी मुलगा पाय थोडे फाकवून, खांदा सैल सोडून, पुढे जाताना दाब आणि मागे येताना ढील देत कानस चालवायला लागतो. हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नसतं.

तंत्रनिकेतनाच्या रागाचं एकक आहे दोन शतांश मिलिमीटर. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या व्हर्निअरला तेवढं मोजता येतं, म्हणून ते तेवढ्यासाठी भांडतं. घरी 'वीतभर', 'बोटभर', 'अंदाजे' असल्या मापांत वाढलेल्या मुलाला हा सुरुवातीला निव्वळ हट्ट वाटतो. वर्षभरात तोच मुलगा घरी येऊन सुताराला सांगतो की चौकट काटकोनात नाही. सुतार चिडतो. चौकट खरोखरच काटकोनात नसते.

लोखंडावर आखणी करायची तंत्रनिकेतनाची एक रीत मला फार आवडते. घासून लख्ख केलेल्या पट्टीवर मोरचुदाचं पाणी फिरवतात. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरी फवारणीसाठी असतं तेच मोरचूद. लोखंडावर तांब्याचा पातळ पापुद्रा चढतो आणि त्यावर सुईने ओढलेली रेघ स्पष्ट उमटते. सोनगीरच्या मुलाने तो तांबूस रंग पाहिला की त्याला वेगळं काही सांगावं लागत नसेल.

कारण सोनगीर हे तांब्या-पितळेचं गाव. मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी. हा किल्ला 1370 मध्ये फारुकी घराण्याच्या मलिक राजाने घेतला आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला; गावाचं नाव मात्र खानदेशभर पोचवलं ते हंडे, घागरी आणि परातींनी. तांबट पत्र्याचा गोल कापतो, ठोकत ठोकत त्याला पोट आणतो. ठोकता ठोकता तांबं कडक होतं, पुढे ठोकलं तर चिरेल, म्हणून ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा ऐरणीवर घ्यायचं. किती ठोकल्यावर थांबायचं हे हातोडीच्या आवाजावरून कळतं. किती लाल करायचं हे रंगावरून. तळ, पोट, गळा असे वेगळे भाग झाळून जोडायचे आणि शेवटी मठारायचं, म्हणजे अंगावर एकसारखे ठोके उमटतात आणि पत्रा घट्ट होतो.

आता हेच तंत्रनिकेतनात कसं येतं बघा. धातू ठोकल्याने कडक का होतो, तापवल्यावर आतल्या कणांची रचना पुन्हा कशी लागते, हे मटेरिअल सायन्सच्या तासाला चार गुणांच्या प्रश्नासाठी फळ्यावर आकृतीसह उतरतं. तांबटाच्या घरातला मुलगा ते उतरवून घेतो. आपले आजोबा भट्टीपाशी बसून जे करायचे तेच हे, असं त्याला त्या क्षणी कळलं तर त्याचं शिक्षण पुरं झालं. आणि कळलं नाही तर दोष मुलाचा नाही. फळा आणि भट्टी यांच्यात एसटीचं वीसेक किलोमीटरचं अंतर आहे, आणि ते मुलाने एकट्याने कापावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

इथे या गृहस्थाची खोड नडते. त्याला पत्राची वाट बघायची सवय आहे. अभ्यासक्रम मुंबईहून, तंत्रशिक्षण मंडळाकडून येतो. रत्नागिरीला जो तोच धुळ्याला. राज्यभर एक मोजमाप असावं हे ठीकच, त्यामुळेच खानदेशातल्या मुलाची पदविका पुण्यात कमी भावाने विकली जात नाही. पण शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आणि कारखान्यातलं प्रशिक्षण यांत घराला बरीच मोकळीक असते. ती मोकळीक वापरायला ते बिचकतं. मग मुलं शहरातून तयार प्रकल्प आणून रंग देऊन उभे करतात, आणि तोंडी परीक्षेत आपल्याच यंत्राचं नाव अडखळत सांगतात.

अडखळण्यात भाषेचाही वाटा आहे. मराठी शाळेतून आलेलं पोर पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकापुढे बसतं, तेव्हा त्याला विषय कठीण वाटतो; खरं तर तो विषयापर्यंत पोचलेलाच नसतो. याबाबतीत हे घर वर्षानुवर्षं उगाच ताठ राहिलं. 2021-22 पासून मराठी-इंग्रजी अशा दुहेरी माध्यमाचा पर्याय आला, तो फार आधी यायला हवा होता.

याचं जुनं वैर आहे ते 'जीटी'शी, म्हणजे ग्लास ट्रेसिंगशी. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत दोन बादल्यांवर काच, खाली दिवा, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर कोरी शीट. मुलं समजतात, पकडणं अशक्य. सर मात्र शीटवरून नजर फिरवतात आणि चार जणांच्या शीटवर एकाच जागी चुकलेली तुटक रेघ दाखवतात. 'पुन्हा काढ.' तो शब्द वर्कशॉपमधल्या 'परत'चा सख्खा भाऊ. दुसऱ्यांदा स्वतः काढताना मुलाला समोरचं दृश्य आणि वरचं दृश्य यांचा मेळ बसतो, आणि मग तो आयुष्यभर कुठल्याही वस्तूला आतून बघतो.

15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, या घरात सण असतो. विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार, भाषणं, पोस्टरांची स्पर्धा. यात एक मोठी गोष्ट हाताशी असून हुकते असं मला वाटतं. ऐन विशीतले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये नोकरीला लागले आणि सुरुवातीचंच काम त्यांना मिळालं ते धुळे भागात, साक्रीकडच्या दातर्तीला, पाण्याचा नळ-सायफन बांधण्याचं. त्याच भागातल्या पांझरा नदीवर गावकऱ्यांनी बांधलेले फड पद्धतीचे बंधारे त्याहून कितीतरी जुने. पाणी कुणाला, कधी, किती, हे ठरवणारी व्यवस्थाही त्यांचीच. स्थापत्यच्या मुलांना त्या दिवशी सभागृहात न बसवता टेप आणि डंपी लेव्हल देऊन पांझरेच्या काठावर न्यावं.

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस याच्या मिरवण्याचे. चाकण, सातपूर, वाळूजच्या कंपन्या येतात, मुलं इस्त्रीच्या शर्टात रांगेत बसतात, निवड झालेल्यांचे फोटो फलकावर लागतात. लागावेतच. ज्या घरात पहिला पगार असा मिळतो तिथे तो फोटो देव्हाऱ्याशेजारी जातो. पण त्याच वेळी सोनगीरच्या पुढे नरडाण्याची एमआयडीसी आहे, कापसाच्या हंगामात अहोरात्र चालणाऱ्या जिनिंग आहेत, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, जळगावला ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या चटया बनतात, भुसावळला रेल्वे आहे. जिनचा रोलर हंगामात बिघडला तर तासातासाला नुकसान होतं, आणि तो नीट करणारा माणूस गावोगाव शोधावा लागतो. या कामांना फलकावर जागा मिळाली, तर गावात राहणारा मुलगा मागे पडलेला मानला जाणार नाही.

हे त्याला जमण्यासारखं आहे, कारण एकेकाळी असं काही करून झालं आहे. 1978-79 मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक तंत्रनिकेतनांची योजना आणली. निवडक तंत्रनिकेतनांनी गावांत जाऊन मोटार वाइंडिंग, शिवणकाम, पंपदुरुस्ती असं शिकवायचं, दाखला न मागता. शाळा अर्ध्यात सुटलेली माणसं आणि घर सांभाळणाऱ्या बायका त्या वर्गांना बसल्या. दोन शतांशासाठी भांडणारा हा मानी माणूस तिथे जमिनीवर बसून पंपाची वायसर बदलायला शिकवत होता, आणि माझ्या मते तेव्हाच तो सगळ्यात देखणा दिसत होता.

तर कधी धुळ्याला गेलात की याला जरूर भेटा. ऑफिसच्या खिडकीशी थांबू नका, तिथे तो कोरडा वाटतो; थेट वर्कशॉपकडे वळा. आणि सोनगीरहून येत असाल, तर गळ्याशी झाळ सुटलेली एखादी घागर बरोबर घ्या, आणि ती झाळणाऱ्या तांबटालाही. दोघांना एका बाकाशी उभं करा. बोलणं ते आपोआप सुरू करतील.