लिंबाच्या गाठी आणि ऑगस्टची कात्री

सुरतेजवळच्या सचिनमध्ये दारापुढे चार फूट माती मिळाली की खानदेशातून आलेला माणूस तिथे लिंबू लावतो. मी कीटकशास्त्रातला, त्यामुळे या झाडांच्या तक्रारी आपसूक माझ्याकडे येतात. अलीकडे तक्रारीसोबत व्हिडिओही येतो: ऑस्ट्रेलियातला कुणी गृहस्थ सुजलेल्या फांद्या छाटतोय. "साहेब, आमच्या लिंबालाही हेच झालंय. ऑगस्ट संपायच्या आत कापा म्हणतो तो. कापू का?"

नका कापू.

व्हिडिओतली गाठ ब्रुकोफॅगस फेलिस या जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या काळ्या गांधीलमाशीची. मूळची क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्सची. तिथल्या रानातल्या फिंगर लाइमवर जगायची. माणसाने संत्री-लिंबं लावली आणि ती दक्षिणेकडे व्हिक्टोरियापर्यंत पसरली. तिथला वसंत सप्टेंबरात सुरू होतो. तेव्हा ती कोवळ्या फुटीच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्यांभोवती झाड स्वतःच गाठ वाढवतं. अळी आत, फवारा बाहेर! वर्षाला पिढी एकच, म्हणून पुढची माशी निघण्याआधी, ऑगस्टअखेरपर्यंत गाठ छाटायची. गाठीवर बारीक छिद्रं दिसली तर माशा उडून गेल्या असं समजायचं. फार छाटलं तर कोवळी फूट उसळते, आणि माशीला तीच हवी असते. तिथे हे वेळापत्रक चोख आहे.

पण ही माशी आपल्याकडची नाही. कागदी लिंबावर आपल्याला जो खडबडीतपणा दिसतो तो बहुतेकदा खैऱ्या, म्हणजे जिवाणूंचा रोग. पानाच्या दोन्ही बाजूंना उठलेले, पिवळ्या वलयाचे ठिपके. काडीवर आणि फळावर खपल्या. शंका असेल तर फुगवटा उभा चिरून पाहा. गाठीत अळ्यांचे कप्पे दिसतात, खैऱ्याची खपली वरवरची असते. हे जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबांतून पसरतात आणि जखमेतून आत शिरतात. ऑगस्टात, सुरतेत पाऊस कोसळत असताना लिंबू छाटणं म्हणजे त्यांना दार उघडून देणं. नागअळीने पानात कोरलेल्या नागमोडी वाटाही अशाच जखमा. म्हणून नव्या फुटीवर ती दिसताच निंबोळी अर्क फवारावा. रोगट काड्या पावसाळ्याआधी, कोरड्या हवेत काढून जाळाव्यात आणि मग एक टक्का बोर्डो मिश्रण मारावं. यापलीकडे दारच्या झाडाला फार काही लागत नाही.

गाठी करणाऱ्या गांधीलमाशीचा खरा हिसका आपल्याला दाखवला तो निलगिरीने. लेप्टोसायबी इन्व्हेजा हीसुद्धा ऑस्ट्रेलियाचीच. २००४ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं, तोवर ती पश्चिम आशियात पसरली होती आणि भारतातही पोहोचली होती. पानाची मधली शीर, देठ, कोवळे शेंडे गाठींनी भरतात. रोपवाटिकेतलं रोप खुरटतं ते खुरटतंच. बहुतेक पिढ्या नराशिवाय चालतात, त्यामुळे मूठभर माद्या आल्या तरी पुरे. रोपवाटिकांनी औषधं मारून पाहिली, पण गाठीच्या आत ती फारशी पोहोचलीच नाहीत. आळा बसला तो कमी बळी पडणाऱ्या वाणांमुळे आणि इस्राएलहून आणलेल्या क्वाड्रास्टिकस मेंडेली या परजीवीमुळे. या चिमुकल्या कीटकाची मादी गाठीतल्या अळीपर्यंत अंडं पोहोचवते. ऑस्ट्रेलियात लिंबाच्या गाठींवर हेच काम मेगास्टिग्मस जातीचे परजीवी करतात. मला विचाराल तर गाठींच्या बाबतीत पंपापेक्षा माझा भरवसा यांच्यावर अधिक.

लिंबाची माशी अजून आलेली नाही, पण ती येण्याची वाट सोपी आहे. मराठी घरांतली मुलं आता मेलबर्नला असतात. तिथल्या अंगणातलं लिंबू मोठं, रसाळ. डोळा भरायला एखादी काडी बॅगेत टाकून आणावी असं कुणालाही वाटेल. वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार परवान्याशिवाय ती आणता येत नाही. लोक याला कागदी कटकट म्हणतात. मी म्हणत नाही. अंडी सालीखाली असतात आणि गाठ नजरेला यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ती काडी अगदी निरोगी दिसते.