आंबट मातीची पाहुणी

वर्धा नदीच्या काठची काळी माती मोठी उदार. कापूस, तूर, ज्वारी, गहू. जे पेरावे ते ती पदरात टाकते. ब्लूबेरी या विदेशी झुडपाला मात्र ती मानवत नाही. त्याला ४.५ ते ५.५ सामूची आम्ल माती हवी. आपली माती चुनखडीची, तिचा सामू बहुधा ७.५ च्या वर. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि भरल्या ताटापुढे झाड उपाशी मरते.

हे कोडे अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास उलगडले. त्याचे संशोधन वाचून न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या शेतकऱ्याच्या कन्येने १९११ साली त्याला पत्र धाडले. रानातील टपोऱ्या फळांची झुडपे दाखविणाऱ्यांना तिने मोबदला दिला आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले.

त्याच न्यू जर्सीत माझी कन्या संसार करते. नातवंडांना आजोळच्या अंगणात ओळखीचे फळ दिसावे, म्हणून तिने पुण्याच्या रोपवाटिकेतून कमी थंडीत फळणाऱ्या दोन जातींची दोन रोपे मिळवून दिली. दोन जाती शेजारी असल्या की परागीभवन चांगले होते.

अंगणातील मातीचा कणही न घालता मी त्यांच्यासाठी कुंड्या भरल्या: धुतलेला नारळाचा भुसा, पाइनच्या सालीचे तुकडे, थोडी जाड वाळू. मुळे केसासारखी नाजूक, म्हणून वर पालापाचोळ्याचे आच्छादन. विहिरीचे पाणी जड असल्याने पावसाचे पाणी पिंपात साठवितो. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकली. आधी मूळ धरू द्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हिरव्या जाळीची सावली. फळ निळे झाले तरी काही दिवस झाडावरच ठेवावे. तोडल्यावर ते गोड होत नाही. यंदा एकोणीस फळे आली.

एवढी सेवा पाहून शेजारी हसतात. पण वसई सोडून नोकरीसाठी मी येथे आलो, तेव्हा या गावाने माझ्यासाठीही अशीच माती कालवली होती. येथेच मूळ धरले, आणि येथल्याच कबरस्थानात माझी पत्नी विसावली आहे.

आता मुलीचा आग्रह आहे, की घर विकून कायमचे तिच्याकडे यावे. तिच्या मायेविषयी मला शंका नाही. ती माझ्यासाठी तिकडे हवी तशी माती करील. परंतु ही रोपे कोवळी होती, म्हणून कुंडीत रुजली. जुन्या झाडाची मुळे खोल गेलेली असतात. ती उपटताना अर्धी तेथेच तुटून राहतात.

म्हणून तिला कळविले आहे: जूनमध्ये तिकडे ब्लूबेरीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा येईन. नातवंडांसोबत मळ्यात जाऊन हाताने फळे तोडीन. मात्र २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, तिच्या आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला मी पुलगावात असेन. तोवर कुंड्यांना पाणी घालण्याचे शेजाऱ्यांनी कबूल केले आहे. पिंप भरलेले आहे.