डोलबादर्नचा बुरूज

जेत्यांचे किल्ले पाहावयास प्रवाशांची रीघ लागते. जितांच्या किल्ल्यांकडे पाऊल क्वचितच वळतें. उत्तर वेल्समधील कार्नार्व्हनचा भव्य किल्ला इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनें, जिंकलेल्या प्रजेवर जरब बसावी म्हणून उभारला. तेथून सात-आठ मैल डोंगरांत शिरलें, कीं लानबेरिस गांवापाशीं, पेरिस व पादर्न या दोन तळ्यांमधील खडकाळ टेकाडावर, वेल्श राजांचा डोलबादर्न किल्ला लागतो. आम्ही मुद्दाम त्याच्याच वाटेस लागलों.

तट बहुतेक ढासळले आहेत. उभा आहे तो एक वाटोळा बुरूज, सुमारें ५० फूट उंच. थोरल्या लिवेलिननें तो १३व्या शतकाच्या पूर्वार्धांत बांधला. बाहेरच्या जिन्यानें आम्ही आंत गेलों, तों वर उघडें आभाळ. तळ्यापलीकडे पाटीच्या दगडाच्या खाणींनीं कोरलेला डोंगर दिसतो. त्या खाणीही १९६९ सालीं बंद पडल्या.

या बुरुजाची खरी कथा थोरल्या लिवेलिनच्या नातवांची आहे. धाकटा लिवेलिन आणि ओवाइन हे सख्खे भाऊ. १२५५ सालीं ब्रिन डेर्विनच्या लढाईंत लिवेलिननें ओवाइनला पकडलें व सुमारें २२ वर्षें कोंडून ठेविलें. तें येथेंच, असें परंपरा सांगते. १८०० सालीं टर्नर या चित्रकारानें हाच बंदिवान मनांत धरून किल्ल्याचें चित्र रंगविलें. त्यांत डोंगर आणि आभाळ अफाट आहेत. माणसें मात्र चिमुकलीं.

घरच्या फुटीनें राज्य बुडालें, हें सूत्र येथें सहज सुचतें. परंतु सनावळी तें टिकूं देत नाहीं. १२६७ सालीं इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीनें लिवेलिनला वेल्सचा अधिपति म्हणून मान्य केलें, तेव्हां ओवाइन कोंडींतच होता. वेल्सला लाभलेली एकी भावाच्या बंदिवासावर उभी होती. १२७७ सालीं एडवर्डनें लिवेलिनला नमविलें, आणि ओवाइन सुटला. देशाचा पराभव तीच कैद्याची मुक्ति!

१२८२ सालीं लिवेलिन मारला गेला. पुढच्या वर्षीं किल्ला पडला, आणि येथील लांकूड कार्नार्व्हनच्या कामास गेलें. जेत्याच्या वैभवांत जिताच्या घरच्या तुळया अशा मुकाट्यानें जिरल्या.

एकी ही मोठी गोष्ट खरी, आणि तिची थोरवी आपण मुलांना शिकवितों तेंही योग्यच. पण तिचें मोल कोणी, कोणत्या भिंतींआड चुकविलें, हें पाहावयाचें असेल, तर कार्नार्व्हन उपयोगाचें नाहीं. त्यासाठीं हा ओसाड बुरूजच चढला पाहिजे.